पगारमर्यादा आणि 'त्यागा'ची दंतकथा

१/ एनएफएलमध्ये एखाद्या खेळाडूच्या कराराची फेररचना झाली, की 'त्याने संघासाठी त्याग केला' अशी स्तुती सुरू होते. बहुतेकदा हा त्याग नसतोच. तो जमाखर्चाचा भाग असतो.

२/ आधी इतिहास. १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील खटल्यात निकाल मालकांविरुद्ध गेला. १९९३ च्या तडजोडीत खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. मोबदल्यात मालकांनी पगारमर्यादा पदरात पाडून घेतली. १९९४ मध्ये ती प्रत्येक संघासाठी ३ कोटी ४६ लाख डॉलर होती.

३/ आता हिशेब. कराराची ५ वर्षे उरली आहेत असे धरा. यंदाच्या पगारातील दीड कोटी 'बोनस' ठरवले, तर खेळाडूला ती रक्कम पूर्ण मिळते; मर्यादेच्या खात्यात मात्र दरवर्षी ३० लाखच पडतात. संघाला यंदा १ कोटी २० लाखांची मोकळीक मिळते.

४/ मग त्याग कोणी केला? कोणीच नाही. खर्च पुढे ढकलला गेला, इतकेच.

५/ तरीही ही दंतकथा निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे खरी पगारकपात नाकारणारा खेळाडू लोभी ठरतो. हमी नसलेला करार मालक मोडतो, तेव्हा त्याला मात्र 'व्यवहार' म्हणतात. मर्यादा हा निसर्गनियम नव्हे. तो १९९३ चा सौदा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो तसाच वाचावा.