हवाई छत्रीसाठी मोडकी छत्री

अग्निबाणावर लिहिण्याचा मक्ता शास्त्र शाखेने घेतला आहे, असे निदान मला तरी कोणी सांगितलेले नाही. शिवाय माझा विषय अग्निबाण नसून त्याला अलगद खाली आणणारे कापड हा आहे. आणि कापडाच्या बाबतीत आपण कला शाखेची मंडळी अगदीच अडाणी नाही.

घरगुती अग्निबाण म्हणजे शीतपेयाची रिकामी बाटली, तिच्यात थोडे पाणी आणि सायकलच्या पंपाने भरलेली हवा. दारूच्या नळ्यांच्या वाटेला जाऊ नये. तिथे स्फोटकांचा कायदा आहे आणि आपली बोटेही दहाच आहेत. पाण्यावर उडणाऱ्या बाणाची छत्री जळत नाही, पण भिजते. निवडीचा सारा प्रश्न इथूनच सुरू होतो.

कंदिलाचा पतंगी कागद हलका खरा, पण भिजला की लगदा. मलमल पाणी पिऊन जड होते आणि तिची घडी उलगडता उलगडत नाही. रेयॉनची तर गंमतच आहे. कल्याणशेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, म्हणजे हा धागा आपल्या गावचाच म्हणायचा. पण ओला झाला की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. गावाचा अभिमान छत्रीत शिवू नये! रेशीम उत्तम. दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशीम मिळेनासे झाले तेव्हा अमेरिकेने छत्र्यांसाठी नायलॉन जवळ केले, तोवर रेशमाचाच मान होता. पण आईच्या साडीला हात कोण लावणार?

उरले प्लॅस्टिक. २५ मायक्रॉन जाडीच्या पॉलिथिनचा एक चौरस मीटर तुकडा अवघा २३ ग्रॅम भरतो, हा मोठा गुण. मात्र ओल्या घड्या एकमेकींना चिकटल्या की छत्री उघडत नाही आणि बाटली धोंड्यासारखी खाली येते. वेफर्सच्या पुड्याचा चकचकीत कागद उन्हात लांबून दिसतो म्हणून पुष्कळांना मोह पाडतो. त्याला माझा ठाम विरोध आहे. त्या चकाकीत ॲल्युमिनियमचा थर असतो, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत रेल्वेच्या तारांतून २५,००० व्होल्टची वीज वाहते. वारा छत्री कुठे नेईल ते आपल्या हाती नाही. रुळांच्या आसपास तर कोणत्याच कापडाची छत्री उडवू नये आणि तारेवर अडकलेली काढायला जाऊ नये.

माझे मत मोडक्या छत्रीला. पावसाळ्याच्या तोंडाशी स्टेशनबाहेर छत्र्या दुरुस्त करणारे बसतात. काड्या गेलेली लहान मुलाची छत्री त्यांच्याकडे मागून पाहावी. नायलॉनचे वा पॉलिएस्टरचे ते कापड झटकले की पाणी सोडते. त्रिकोणी पाकळ्या आधीच शिवलेल्या असतात, आणि दांडा जातो तिथे मधोमध भोकही तयार असते! या भोकाची थोरवी मोठी. १७९७ साली पॅरिसला गार्नेरँ फुग्यातून रेशमी छत्रीने उतरला तेव्हा टोपली भयंकर हेलकावली, कारण कोंडलेली हवा कडेने कशीही निसटत होती. पुढे छत्रीच्या माथ्यावर भोक ठेवू लागले.

मोठ्या माणसाची छत्री मात्र घेऊ नका. १०० ग्रॅमची बाटली ४५ सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीने सेकंदाला सुमारे पावणेचार मीटर वेगाने उतरते, म्हणजे मेजावरून खाली पडल्याइतकाच दणका. व्यास दुप्पट केला तर वेग निम्मा होतो खरा, पण ती हवेत दुप्पट वेळ राहते आणि दुप्पट लांब वाहत जाते. डोंबिवलीत दुप्पट लांब म्हणजे दुसऱ्याच्या गच्चीवर.

दोऱ्यासाठी संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा कोणी सुचवील. त्याने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात, म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली आहे. गोधडीचा सुती दोरा घ्यावा. तो भिजला तर उलट बळकट होतो. फक्त बांधण्यापूर्वी त्यावर मेण फिरवावे, म्हणजे गुंता कमी होतो.