बोलून मोकळे

येता-जाता

सांकेतिक भाषा दिन येऊन गेला. २३ सप्टेंबरला झाडून सगळ्या कार्यालयांनी समाजमाध्यमांवर हातांची रंगीत चित्रं टाकली, शुभेच्छा दिल्या, आणि २४ तारखेला जो तो आपापल्या कामाला लागला. त्याच आठवड्यात एका मोठ्या जंक्शनवर (नाव सांगत नाही, तुमच्या घराजवळचंच समजा) ऐन वेळी गाडीचा फलाट बदलला. भोंग्यातून तीन भाषांत तसं सांगितलं गेलं. इंडिकेटरवर मात्र तीच गाडी, तीच वेळ, तोच फलाट. लोक बोचकी उचलून जिन्याकडे पळाले. खुणांनी गप्पा मारत उभी असलेली चार-पाच मुलं तिथेच राहिली. लोक पळताहेत हे त्यांना दिसत होतं, का पळताहेत ते कळत नव्हतं. एकाने पळणाऱ्या एका गृहस्थांची बाही धरली आणि मोबाइलवर टाइप केलेला प्रश्न पुढे केला. गृहस्थांनी न थांबता पलीकडचा फलाट बोटाने दाखवला. मुलांना गाडी मिळाली ती त्या बोटामुळे, इंडिकेटरमुळे नव्हे.

भोंग्यांशी माझं वैर जुन्या वाचकांना पाठ आहे. ‘आला याचा भोंगा’ म्हणून पान उलटणाऱ्यांनी आज जरा दम धरावा. आजवर मी माझ्या कानांसाठी भांडत होतो. आजचं भांडण ज्यांना भोंगा ऐकूच येत नाही त्यांच्या वतीने आहे.

मुंबईच्या विमानतळावर नेहमीच्या उड्डाणांच्या घोषणा केव्हाच बंद झाल्या. कोणतं विमान, कोणतं गेट, किती उशीर, बोर्डिंग सुरू झालं का, हे सगळं पडद्यावर. तिथे प्रत्येक जण मान वर करून वाचतो. ज्याला ऐकू येतं तोही वाचतो, ज्याला येत नाही तोही वाचतो, आणि त्या दोघांत कर्णबधिर कोण हे शेजारच्याला ओळखता येत नाही. त्यासाठी कोणी फीत कापली नाही की ‘दिव्यांग बांधवांसाठी’ म्हणून पाटी लावली नाही. हे कर्णबधिरांसाठी केलेलंच नव्हतं. महागडं तिकीट काढून आलेल्या साहेबलोकांच्या कानांना त्रास होऊ नये म्हणून केलेलं होतं. साहेबांच्या कानांची काळजी घेता घेता कर्णबधिरांची सोय होऊन गेली.

खरी गंमत पुढे आहे. भोंगा बंद केला की पडद्याला खोटं बोलून चालत नाही. बोर्डिंग सुरू झालं आणि पडदा तसाच राहिला, तर विमान रिकामं उडेल. म्हणून तिथे बदल आधी पडद्यावर येतो. रेल्वे स्टेशनवर इंडिकेटर चुकला तरी काही अडत नाही, कारण भोंगा सांभाळून घेतो. चूक इंडिकेटरने करायची, दुरुस्ती भोंग्याने करायची आणि ती दुरुस्ती ज्याच्यापर्यंत पोचली नाही त्याने आपलं नशीब तपासायचं. इंडिकेटर बिघडतो म्हणून भोंगा लागतो असं आपल्याला सांगतात. मला उलटं दिसतं. भोंगा आहे म्हणून इंडिकेटर बिघडलेला चालतो.

माझा आणखी एक संशय आहे. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं राहतं आणि त्याचा फोटो निघतो. ‘आम्ही अनाउन्समेंट केली होती’ या वाक्यावर कोणत्याही चौकशीतून सुटता येतं. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही, फलाटावर आयुष्य काढलेल्या माणसाचा संशय म्हणून सोडून द्या. पण त्याच फलाटावरचा जाहिरातींचा पडदा बघा. सिमेंटच्या जाहिरातीला कधी लेटमार्क लागत नाही.

‘मग स्टेशनंही मुकी करायची का?’ असं विचारणारी पत्रं येणार, म्हणून आधीच सांगतो. नाही. ज्याला दिसत नाही त्याला भोंगाच वाट दाखवतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही. माझी मागणी क्रमाची आहे. आधी लिहा, मग बोला. इंडिकेटरवर जे आलेलं नाही ते माइकवरून जाऊ नये.

विमानतळालाही मी डोक्यावर घेत नाही. विमान कंपन्यांच्या आरक्षणात कर्णबधिर प्रवाशासाठी ‘डेफ’ असा वेगळा कोड असतो. तो नोंदवूनही दाराशी चाकाची खुर्ची घेऊन माणूस हजर झाल्याचे किस्से कर्णबधिर प्रवासी जगभर सांगतात. पाय धडधाकट असलेल्या माणसाने त्या खुर्चीचं करायचं काय? कोड भरणाऱ्याला ‘अपंग’ एवढंच कळलं, पुढचं वाचायला वेळ नव्हता.

‘पण यंत्र लावतात ना?’ हा दुसरा हमखास प्रश्न. कानातलं यंत्र गोंगाटात तोकडं पडतं. पत्र्याच्या छताखाली इंजिन, फेरीवाले आणि घोषणा असा सगळाच कालवा ते वाढवून देतं. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या तिकीट खिडक्या २०१५ च्या सुमारास बहुतेक बंद झाल्या, पण त्यांच्यावर कानाचं चिन्ह आणि आत इंडक्शन लूप बसवलेली असायची. यंत्राचं ‘टी’ बटण लावलं की खिडकीमागच्या माणसाचा आवाज मधला गोंगाट टाळून थेट यंत्रात यायचा. आपल्या खिडकीला जाड काच, काचेला भोक आणि भोकामागे पान खाल्लेलं तोंड. ओठ वाचणाऱ्याने वाचायचं काय?

सवलतीचा हिशोबही बघून घ्या. एसटीत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असला की भाड्यात ७५ टक्के सूट मिळते. रेल्वेची ५० टक्के सवलत बहिरेपण आणि मुकेपण दोन्ही एकाच माणसात असतील तरच. नुसतं ऐकू येत नाही आणि लहानपणी कष्टाने बोलायला शिकलात, तर पूर्ण तिकीट काढा. आईबापांनी स्पीच थेरपीवर पैसे घालवले त्याचा हा दंड.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले ५० लाखांहून अधिक लोक मोजले गेले. त्यात तुमचे आजोबा बहुतेक नसतील, कारण ‘मला ऐकू येत नाही’ असं ते जनगणनेवाल्यालाच काय, आजीलाही सांगत नाहीत. स्टेशनवर मात्र तेही त्याच रांगेत आहेत.

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि त्यातल्या संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा आणि लिखित मजकूर दोन्ही आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी यांच्या याचिकेवर निकाल दिला. ती याचिका २००५ ची! सुगम्यतेचे निकष ‘जमल्यास करा’ अशा स्वरूपाचे ठेवणारा नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा असं केंद्राला बजावलं. म्हणजे खरा इंडिकेटर ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

हक्क मागायला कर्णबधिरांनीच दरवेळी का जावं? तुम्हाला भोंगा ऐकू येतो, म्हणजे भोंगा आणि इंडिकेटर यांच्यातली तफावत तुम्हालाच पकडता येते. पुढच्या वेळी फलाट बदलल्याची घोषणा कानावर आली की जिन्याकडे धाव घेण्याआधी इंडिकेटरकडे बघा. तो जुनंच सांगत असेल तर फोटो काढा आणि ‘रेल मदद’वर स्टेशन, फलाट, वेळ घालून तक्रार टाका. लिहूनच टाका. बोललेलं रेल्वेला ऐकू येत नाही.