माहिती हाताशी आहे, तरी द्वेष का टिकतो?

औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवा, या मागणीसाठी 17 मार्च 2025 रोजी नागपुरात आंदोलन झालं. प्रतीकात्मक कबर जाळण्यात आली. जाळलेल्या कापडावर धार्मिक मजकूर होता, अशी बातमी काही तासांतच मोबाईलवरून फिरली आणि संध्याकाळी शहर पेटलं. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, संचारबंदी लागली. एका जखमीचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. मजकुराची ती बातमी अफवा होती, असं मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'द्वेष अज्ञानातून जन्मतो.' म्हणजे लोकांना खरी माहिती द्या, की द्वेष संपेल. हे वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. कारण अज्ञान एकाच प्रकारचं नसतं, आणि प्रत्येकावरचा इलाजही वेगळा असतो.

पहिलं अज्ञान : खरंच माहीत नसणं

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज अनेक दिवस व्हॉट्सॲपवर येत होते. मंगळवेढ्याहून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांवर जमावाला संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारण्यात आलं. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत महाराष्ट्रभर हिंडणारी ही माणसं. त्यांना ओळखणारं त्या गर्दीत कुणी नव्हतं. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. शेवटचा खुलाशाचा भाग कापून तो पुढे ढकलला जात होता.

त्याच दिवशी मालेगावातही हेच घडता घडता राहिलं. दोन वर्षांच्या लेकरासह पाच जणांच्या कुटुंबावर मोठा जमाव चालून आला. तिथे मात्र काही स्थानिक लोकांनी त्यांना घरात घेतलं, आणि जमावाचा रोष अंगावर घेत पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. पाचही जण वाचले.

अफवा एकच, दिवस एकच. राईनपाड्याच्या जमावाला जेवढं माहीत होतं, तेवढंच मालेगावच्या जमावाला. मालेगाव मुस्लिमबहुल आहे म्हणून तिथला जमाव काही वेगळा निघाला नाही. फरक पडला तो दारात उभ्या राहिलेल्या मोजक्या माणसांमुळे. हे आपणही नीट लक्षात ठेवायला हवं. अफवेचे बळी आपण होतो, तसे अफवेचे वाहकही होतो. कुणी खबर आणली तर आधी तिची खात्री करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. ती दुसऱ्यांना ऐकवण्याआधी आपल्या फॅमिली ग्रुपला लागू आहे.

दुसरं अज्ञान : माहीत करून न घेणं

16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाची जमावाने हत्या केली. तिथेही चोर आल्याची, मुलं पळवणारे आल्याची अफवाच होती. पण लगेच तिला धार्मिक रंग दिला गेला. काही दिवसांतच तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या 101 जणांची यादी जाहीर केली. त्यात एकही मुस्लिम नव्हता. म्हणजे खरी माहिती सरकारने स्वतः दिली. तरीही मुस्लिमांकडे बोट दाखवणारे मेसेज फिरतच राहिले.

तबलिगी जमातच्या बाबतीतही तेच. मार्च-एप्रिल 2020 मध्ये 'कोरोना जिहाद' हा शब्द घराघरांत पोचला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं नोंदवलं. हा निकाल किती घरांत पोचला? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आकडेही असेच कपाटात पडून आहेत. मुस्लिम मुलं मदरशातच शिकतात, असा सर्रास समज आहे. सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवलं, की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी साधारण 3 टक्केच मुलं मदरशात जातात. लोकसंख्येचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 1992-93 मध्ये मुस्लिम महिलांचा प्रजनन दर 4.4 होता, तो 2019-21 मध्ये 2.4 च्या आसपास आला. घट सगळ्याच समाजांत झाली, मुस्लिमांमध्ये ती सर्वात मोठ्या घटींपैकी एक. हे सरकारी आकडे आहेत, कुणालाही बघता येतात. पण ज्याने डोळ्यांवर कातडं ओढलंय, त्याच्यापुढे अहवाल ठेवून काय होणार? इथे क्रम उलटा आहे. अज्ञानातून द्वेष आलेला नाही, तर द्वेष टिकावा म्हणून अज्ञान जपलं जातंय.

तिसरी गोष्ट : सगळं माहीत असणं

आणि काहींना सगळं ठाऊक असतं. व्हिडिओचा शेवट कापणाऱ्याला तो काय कापतोय हे कळत असतं. निवडणुकीच्या तोंडावर भडक भाषण देणाऱ्याला मदरशाचा आकडा शोधायला वेळ लागणार नाही. याला अज्ञान म्हणणं म्हणजे त्याला सूट देणं. त्याच्यासाठी प्रबोधन नव्हे, कायदा आहे. द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हे नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सर्व राज्यांना दिला. तो कागदावर राहू नये म्हणून पुराव्यासह, शांतपणे, लेखी पाठपुरावा करणं हे आपल्या वकिलांचं, संस्थांचं काम आहे.

मग सामान्य माणसाने काय करायचं?

उरतो तो मोठा वर्ग, ज्याला खरंच माहीत नाही. आपला शेजारी, ऑफिसातला सहकारी, मुलाच्या वर्गातला मित्र. त्याच्यापर्यंत आकड्यांपेक्षा ओळख लवकर पोचते. आणि ओळख कमी होत चालली आहे. 1992-93 नंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली. सुरक्षेसाठी गेली, त्यात त्यांचा दोष नाही. पण दोन्हीकडची पुढची पिढी एकमेकांचं घर न बघताच मोठी झाली. रिकाम्या जागेत मग मोबाईल शिरला.

भिवंडीचं उदाहरण महाराष्ट्र विसरला आहे. 1970 आणि 1984 या दोन्ही दंगलींत हे शहर होरपळलं. पुढे पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू, मुस्लिम आणि स्थानिक पोलिस नेमाने एकत्र बसू लागले, नळापासून भांडणांपर्यंत सगळं बोलू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये जवळची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. लोक रातोरात विद्वान झाले नव्हते. पण अफवा आली, तेव्हा ती खरी की खोटी हे कुणाला विचारायचं ते त्यांना माहीत होतं.

आज आपल्या मोहल्ल्यात अशी बैठक होते का? पोलिस ठाण्यातल्या अधिकाऱ्याचा आणि पलीकडच्या वस्तीतल्या दोन-चार जाणत्या माणसांचा नंबर आपल्या मशिदीच्या ट्रस्टींकडे आहे का? नसेल तर तो या आठवड्यातच घ्यायला हवा. अफवा आल्यावर ओळख काढायला वेळ मिळत नाही.