विश्लेषण : ‘साठ’चे ‘आठ’ का ऐकू येते? जुन्या टॅबवरील ब्लूटूथ आवाजाचे दुखणे

कोयनानगरसारख्या गावात बारावीची विद्यार्थिनी पाच-सहा वर्षे जुन्या टॅबवर गणिताचा ऑनलाइन तास ऐकते आहे, असे समजू. कानात नवा ब्लूटूथ हेडसेट. गाणी स्वच्छ वाजतात, आधी रेकॉर्ड केलेले व्याख्यानही नीट ऐकू येते. थेट तास सुरू झाला की मात्र शिक्षकांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो आणि तोंडी सांगितलेले ‘साठ’ वहीत ‘आठ’ होऊन उतरते. घरच्यांचा पहिला संशय हेडसेटवर, दुसरा टॅबवर. दुकानातले उत्तर बहुधा ठरलेले असते : टॅब जुना झाला, नवा घ्या. हे उत्तर बऱ्याचदा चुकीचे असते. ते खरे की खोटे हे तपासायला कराड गाठायचे, तर जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटरचा प्रवास आणि दिवसाची मजुरी जाते. म्हणून हा बिघाड घरच्या घरी समजून घेणे फायद्याचे.

नेमके घडते काय?

ब्लूटूथवरून आवाज दोन वेगळ्या वाटांनी जातो. पहिली वाट गाण्यांची. तिचे तांत्रिक नाव एटूडीपी. तिच्यावरून आवाज फक्त एका दिशेने, टॅबकडून कानाकडे, जातो. त्यामुळे जागा भरपूर असते आणि आवाज भरीव, दोन्ही कानांत वेगळा येतो. दुसरी वाट फोन कॉलची, म्हणजे हँड्सफ्री किंवा एचएफपी. इथे त्याच वेळी हेडसेटच्या माइकमधला आवाज उलट दिशेने न्यायचा असतो. रुंद एकेरी रस्ता आणि दुहेरी वाहतुकीचा अरुंद घाट, असा हा फरक आहे.

थेट तासाचे अ‍ॅप माइक मागते. विद्यार्थिनीने एक शब्दही बोलायचा नसला तरी मागते. माइक चालू होताच टॅब निमूटपणे पहिली वाट सोडून दुसरी धरतो. या दुसऱ्या वाटेवरच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच पलीकडे पोहोचत नाही. गायकाचा स्वर, शिक्षकांच्या आवाजाची ओळख, सगळे स्वर त्याखाली मावतात. मावत नाही तो ‘स’, ‘श’ यांचा सीत्कार. त्याचा मोठा भाग याच मर्यादेच्या वर असतो. ‘साठ’मधला ‘स’ पातळ झाला की उरते ते ‘आठ’सारखे काहीतरी. वाक्य पूर्ण असेल तर मेंदू संदर्भाने जागा भरून काढतो. आकड्याला संदर्भ नसतो, म्हणून गणितात आणि भौतिकशास्त्रात हा दोष सर्वांत आधी नडतो.

यावर उपाय निघाला त्याला बराच काळ लोटला. २०११ मध्ये हँड्सफ्रीच्या १.६ या आवृत्तीने नमुने दुप्पट, म्हणजे सेकंदाला १६,००० केले. त्यात ‘स’ बऱ्यापैकी टिकतो. अट एकच, टॅब आणि हेडसेट दोघांनाही ही पद्धत यायला हवी. एकाला येत नसेल तर दोघेही मुकाट जुन्या पद्धतीवर उतरतात आणि पडद्यावर तसा एक शब्दही दिसत नाही. खरा आक्षेप घ्यायचा तो या मौनावर. ‘आवाज कॉलच्या दर्जावर आला आहे’ एवढी सूचना दिली असती, तरी कितीतरी चांगले हेडसेट कचऱ्यात गेले नसते.

जुने म्हणजे किती जुने?

ब्लूटूथची कल्पना एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये आकाराला आली आणि १९९८ मध्ये कंपन्यांचा गट स्थापन झाला. तळहातावर मावणाऱ्या पहिल्या संगणकांत हे तंत्र आले तेव्हा ते फाइल पाठवण्यासाठी आणि कॉलसाठी होते, गाण्यांसाठी नव्हे. २००५ मधल्या पाम टीएक्समध्ये ब्लूटूथ होते, पण स्टिरिओ हेडसेट जोडायची मूळ सोय नव्हती. ती बाहेरच्या सॉफ्टवेअरने आणावी लागे. असे यंत्र कोणी कपाटातून काढलेच, तर आणखी एक अडचण येते. २००७ च्या ब्लूटूथ २.१ पूर्वीची यंत्रे जोडणी करताना पिन मागतात. तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो.

आज ग्रामीण घरांत जुने म्हणजे २०१६ ते २०२१ दरम्यानचे अँड्रॉइड टॅब. त्यांची अडचण उलटी आहे. गाण्यांची वाट त्यांना उत्तम येते, नडते ती फक्त कॉलची वाट. नव्या हेडसेटशी ते सहसा जुळतातही. अपवाद फक्त एलई ऑडिओ या नव्या पद्धतीवरच चालणाऱ्या उपकरणांचा. ती जुन्या टॅबला आवाज देणारच नाहीत आणि कुठलीही सेटिंग तिथे उपयोगी पडणार नाही. सुदैवाने बाजारातले बहुसंख्य हेडसेट अजून जुनी पद्धत सांभाळतात.

आधी काय तपासावे?

सर्वप्रथम हेडसेट बाजूला ठेवून वायरचा इअरफोन लावावा. त्यात थेट तास स्वच्छ ऐकू आला तर अ‍ॅप आणि इंटरनेट या दोघांवरचा संशय फिटला. मग टॅबमध्ये साठवलेले एखादे गाणे ब्लूटूथवर वाजवावे. गाणे चांगले आणि तास वाईट, असे झाले की दोष वर सांगितलेल्या वाटबदलाचा, हे जवळपास नक्की.

अशा वेळी ब्लूटूथच्या यादीत हेडसेटच्या नावासमोरचे चिन्ह दाबावे. तिथे ‘मीडिया ऑडिओ’ आणि ‘फोन कॉल’ असे दोन खटके दिसतात. ‘फोन कॉल’ बंद केल्यास हेडसेट गाण्यांच्या वाटेवरच राहतो आणि बोलण्यासाठी टॅबचा स्वतःचा माइक वापरला जातो. काही अ‍ॅप यावर रुसून आवाज स्पीकरवर टाकतात. तसे झाले तर खटका परत चालू करावा. करून पाहायला पैसे लागत नाहीत. उलट ‘मीडिया ऑडिओ’च बंद असेल, तर हेडसेट जोडलेला दिसतो पण गाणे टॅबमधूनच वाजते. ‘जोडलाय, पण आवाज नाही’ या तक्रारीमागे बरेचदा एवढेच असते.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार घरातच असतो. हेडसेट शेवटी ज्या फोनशी जोडला होता त्याच्याकडे तो आपसूक धावतो. वडिलांच्या खिशातल्या फोनचे ब्लूटूथ चालू असेल, तर मुलीच्या टॅबला तो सापडतच नाही. आधी तो फोन बंद करावा, टॅबवर जोडणी ‘विसरून’ हेडसेट नव्याने जोडावा.

आवाज तुटक येत असेल तर संशय वाय-फायवर घ्यावा. स्वस्त आणि जुन्या टॅबमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि पुष्कळदा एकाच अँटेनावर पाळी लावतात. साठवलेले गाणे वाय-फाय बंद करून वाजवावे. तुटणे थांबले तर निदान झाले. मग सिम असलेल्या टॅबवर तास मोबाइल डेटावर ऐकणे हा सोपा मार्ग. शरीरातले पाणीही या लहरी शोषते, त्यामुळे टॅब पाठीमागच्या पिशवीत ठेवण्यापेक्षा समोर ठेवावा.

आवाज फारच बारीक येत असेल तर डेव्हलपर पर्यायांतील ‘अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ बंद करून पाहावा. हे पर्याय ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केल्यावर उघडतात. तिथल्या इतर खटक्यांना हात लावू नये.

पावसाचा काय संबंध?

कोयनेच्या खोऱ्यात तो थेट आहे. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात जून ते सप्टेंबर घरातले कपडेही नीट वाळत नाहीत. टॅबच्या इअरफोनच्या छिद्रात ओल साचली की आतले संपर्क जुळतात आणि टॅबला वाटते, वायर लावलेली आहे. मग आवाज नसलेल्या वायरीकडे जातो; स्पीकर गप्प, प्रसंगी ब्लूटूथही गप्प. वरच्या पट्टीवर हेडफोनचे चिन्ह अडकून बसलेले दिसले तर हेच समजावे. टॅब बंद करून पंख्याखाली काही तास ठेवावा, कोरड्या मऊ ब्रशने छिद्र झाडावे. टाचणी घालू नये आणि तांदळाच्या डब्यातही पुरू नये. तांदळाची भुकटी आत गेली तर नवे दुखणे. हेडसेटच्या चार्जिंगच्या पिना हिरवट झाल्या असतील तर त्याही कोरड्या कापडाने पुसाव्यात. एका कानातला आवाज कायमचा गेला असेल, तर अ‍ॅक्सेसिबिलिटीतील ‘मोनो ऑडिओ’ चालू करावा, म्हणजे दोन्ही बाजूंचे सारे एका कानात येते.

जबाबदारी कोणाची?

एवढे सगळे वापरणाऱ्यानेच शोधून काढायचे, ही अपेक्षा मुळात अन्यायाची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा त्यांचे म्हणणे हेच होते, की अपुऱ्या क्षमतेच्या यंत्राचा भुर्दंड आम्हीच का सोसायचा. यंत्र निवडतो एक आणि त्याच्या मर्यादांशी झगडतो दुसरा, हा प्रकार टॅबच्या बाबतीतही होऊ शकतो. महाज्योतीसारखी संस्था स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅब आणि रोजचा डेटा देते, हे मोलाचे आहे. अशा कोणत्याही योजनेत टॅबसोबत माइक असलेला वायरचा इअरफोन द्यावा आणि खरेदीच्या अटींत इअरफोनचे छिद्र असणे बंधनकारक करावे. ही मागणी मागासलेली वाटेल. वायरीवर ‘स’ गळत नाही, हेडसेट चार्ज करावा लागत नाही आणि वीज गेली तरी तास चालतो. महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या कोयनेच्या काठावरही दिवे जातात, हे पावसाळ्यात तिथे राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झाले. मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा आराखडा सरकारला सादर झाला. सुटे भाग, माहिती, अवजारे यांच्यावर त्यात भर आहे आणि ते रास्तच. पण वरच्या उदाहरणात एकही भाग बिघडलेला नाही. तुटलेला स्क्रू नाही, जळलेली चिप नाही. दोन चांगली यंत्रे एकमेकांची चांगली भाषा बोलत नाहीत, एवढेच. अशा ‘न बिघडलेल्या बिघाडा’लाही निर्देशांकात गुण असायला हवेत. हेडसेटच्या खोक्यावर कॉलचा दर्जा ८,००० चा की १६,००० चा, हे गाण्यांच्या जाहिरातीइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि मराठीत छापणे अवघड नाही. आज तिथे बास आणि बॅटरीचे तास तेवढे असतात.

मग टॅब सोडून कधी द्यावा?

आवाजासाठी सहसा नाही. सुरक्षेसाठी मात्र विचार करावा लागतो. २०१७ मध्ये ब्लूबॉर्न नावाच्या त्रुटी उघड झाल्या, ज्यांतून जोडणी न करताही चालू ब्लूटूथमार्गे यंत्रात शिरता येत होते. गुगलने सप्टेंबर २०१७ च्या सुधारणेत त्या बुजवल्या, पण ज्या टॅबला ती सुधारणा कधी मिळालीच नाही तो उघडाच राहिला. सेटिंगमध्ये ‘सुरक्षा पॅच’ची तारीख दिसते. ती त्याआधीची असेल तर टॅब अभ्यासापुरता ठेवावा, ब्लूटूथ तासापुरतेच चालू करावे आणि त्यावर बँकेचे वा यूपीआयचे अ‍ॅप मुळीच ठेवू नये. बॅटरी फुगून पडदा वर उचलला गेला असेल तर मात्र त्याच दिवशी वापर थांबवावा, टॅब चार्जिंगला लावू नये आणि घंटागाडीत न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडेच द्यावा.