मीठ टाकता, तर गाडीखालीही पाहा

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये किंवा कॅनडातल्या ओंटारिओत बर्फ पडू लागला की मिठाचे ट्रक रस्त्यावर उतरतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, बर्फ सुटतो, टायरला पकड मिळते आणि जीव वाचतात. यात वाद नाही. पण तेच खारे पाणी चाकांवरून उडून गाडीच्या पोटाला चिकटते आणि स्प्रिंग, कंट्रोल आर्म, बॉल जॉइंट असे सस्पेन्शनचे भाग कुरतडू लागते. म्हणूनच, जे सरकार सुरक्षेसाठी मीठ टाकते, त्याने त्याच सुरक्षेसाठी दरवर्षी गाडीखालची तपासणीही सक्तीची करावी, असे मला वाटते.

स्प्रिंगचेच पाहा. तिच्यावर रंगाचा थर असतो, पण चाकाने उडवलेला खडा त्याचा टवका काढतो. सर्वांत खालचा वेढा ज्या वाटीत टेकतो, तिथे खारट चिखल साचून राहतो. टवक्यापाशी पोलादात बारीक खळगा पडतो, प्रत्येक हादऱ्याचा ताण तिथे एकवटतो, तडा वाढत जातो आणि एके दिवशी वेढा कडकन तुटतो. तुटलेले टोक टायरही फाडू शकते. कडाक्याच्या थंडीत साधे मीठ पुरत नाही, म्हणून कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि धातू लवकर कोरडा होत नाही. हा धोका कागदावरचा नाही. मागचा अ‍ॅक्सल गंजून तुटण्याच्या भीतीने फोर्डला २०१० मध्ये, मीठ वापरणाऱ्या भागांतल्या लाखो विंडस्टार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या.

आता गाड्यांना जस्ताचा मुलामा असतो, मग काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. तो मुलामा मुख्यतः बॉडीच्या पत्र्याला असतो. खालच्या बऱ्याच भागांना फक्त रंगाचा आधार असतो. मालकानेच काळजी घ्यावी, हेही खरे. तापमान शून्याच्या वर गेले की गाडी खालून धुवावी, कंट्रोल आर्मची पाणी निचरणारी भोके मोकळी ठेवावीत, हिवाळ्याआधी तेलाचा किंवा मेणाचा फवारा मारून घ्यावा. मात्र गंजावरच रबरी लेप चढवला, तर ओल आत कोंडते आणि गंज लपतो. गाडी लिफ्टवर चढल्याशिवाय हे कळायचे कसे? शिवाय तुटलेली स्प्रिंग फक्त मालकाचाच जीव धोक्यात घालत नाही. पेन्सिल्व्हेनियात दरवर्षी तपासणी होते, ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी, जर्मनीत साधारण दोन वर्षांनी. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांना अशी ठरावीक तपासणीच नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप गरिबांचा आहे. जुनी गाडी नापास झाली, तर कामावर जायचे कसे? म्हणूनच तपासणी मोफत हवी आणि तिचा खर्च मीठ टाकण्याच्या अंदाजपत्रकातच धरायला हवा. गंज वेळेवर दिसला, तर एका स्प्रिंगवर निभावते. उशिरा दिसला तर गाडीच मोडीत जाते. इथून अमेरिका-कॅनडात शिकायला जाणारी मराठी मुलेही तिथे बहुधा जुन्याच गाड्या घेतात. वरून चकचकीत धुतलेल्या त्या गाडीखाली काय आहे, हे त्यांना चावी हातात येण्याआधी कळायला हवे.