लोखंडाच्या बांधावरचे तण

मंडळी, परवा नांगराचा फाळ ठोकून घ्यायला लोहाराकडे बसलो होतो. एका शेजाऱ्याने भंगारातून जाड सळई आणली होती, तिची पहार करून हवी होती. भात्याने वारा घातला, सळई पिवळीधमक तापली. लोहारदादांनी ती ऐरणीवर धरली, घण पडला, आणि शिळ्या भाकरीचा काठ मोडावा तसे तिचे तुकडे झाले. शेजारी म्हणाला, "जास्त तापली असंल." लोहारदादा हसले. "तापवण्यात काय चूक न्हाई. मालच खोटा हाय. एक माल थंडीत तुटतो, एक तापल्यावर फुटतो. ह्यो दुसरा."

शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने दोन वाक्यांत जे सांगितले, ते धातुशास्त्राच्या पुस्तकात दोन प्रकरणे घेते.

लोखंड वरून एकजीव दिसते. आत मात्र ते बारीक दाण्यांचे असते. पाक थंड होताना गुळाला कणी धरते, तसा लोखंडाचा रस थिजताना जागोजागी दाणे धरतात, वाढतात आणि एकमेकांना भिडतात. दोन दाणे भिडतात ती रेघ म्हणजे दोन वावरांमधला बांधच समजा. दाण्याच्या आत अणूंची मांडणी पेरणीच्या तासासारखी सरळ असते. उपरा अणू तिथे नीट बसत नाही, त्याला बांधावर जागा मिळते. हरळीचे तसेच, नांगरल्या वावरात टिकली नाही तरी बांध धरून राहते.

आता गंधक घ्या. लोखंडाशी त्याचे संयुग होते आणि ते दाण्यांच्या मधल्या फटींत पातळ थरासारखे पसरते. लोखंडासह हा थर सुमारे ९९० अंशांना वितळतो. लोहार घण घालतो तेव्हा लोखंड हजाराच्या वर तापलेले असते. म्हणजे दाणे घट्ट, पण त्यांच्यामध्ये पाणी! घाव पडला की दाणे सुटे होणारच. पोलादात मँगनीज घालतात ते यासाठीच. ते गंधकाला आधीच पकडून त्याच्या निराळ्या गोळ्या करते.

थंडीत तुटणाऱ्या मालाचा चोर वेगळा. तो फॉस्फरस, म्हणजे आपण सुपर फॉस्फेटमधून पिकाला देतो तोच. क्विंटलभर पोलादात तो पन्नास-साठ ग्रॅमच असेल, पण सारखा पसरत नाही. बांधावर त्याची दाटी कित्येक पटींनी वाढते आणि दाण्यांची एकमेकांवरची पकड सैल करते. शिवाय दाण्यालाही तो ताठर करतो. मग फटका बसला की न वाकताच तुकडा पडतो. (चुलीवरचा बिडाचा तवा पडून फुटतो, त्याचे कारण मुख्यतः दुसरे. त्यात कार्बन फार असतो.)

या फॉस्फरसाने भल्याभल्यांना रडवले आहे. १८५६ साली इंग्लंडात हेन्री बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून झटपट पोलाद करण्याची रीत जाहीर केली. कारखानदारांनी पैसे मोजून परवाने घेतले, आणि त्यांचे पोलाद ठिसूळ निघाले. बेसेमरने वापरलेल्या लोखंडात फॉस्फरस नेमका कमी होता, इतरांच्या बहुतेक खनिजात तो भरपूर होता.

कोडे सुटायला वीस वर्षांवर गेली, आणि ते सोडवले लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनाने. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस त्याचे नाव. दिवसा कोर्टाची कागदपत्रे, संध्याकाळी रसायनशास्त्राचा वर्ग. भट्टीला आतून वाळूच्या जातीच्या विटांचे अस्तर असे, तिथे फॉस्फरस जळला तरी त्याला धरून ठेवणारे कोणी नव्हते. थॉमसने डोलोमाइटचे अस्तर लावले आणि रसात चुना टाकला. आंबट जमिनीला चुना द्यावा तसेच हे. चुन्याने फॉस्फरस धरला आणि मळीबरोबर बाहेर काढला. पहिले प्रयोग त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट याने वेल्समध्ये केले. १८७८ साली थॉमसने भर सभेत हे सांगितले, तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढच्याच वर्षी मिडल्सबरोला मोठ्या भट्टीत ते करून दाखवल्यावर मात्र सगळे धावले. बिचारा १८८५ मध्ये चौतिसाव्या वर्षीच गेला.

बाहेर काढलेल्या मळीचे काय झाले म्हणाल, तर ती दळून युरोपातल्या शेतकऱ्यांनी खत म्हणून वापरली. लोखंडाला नडलेला फॉस्फरस पिकाच्या मुळाशी गेला!

आता ज्यांना उन्हाळ्यात घराचे किंवा गोठ्याचे काम काढायचे आहे, त्यांच्यासाठी. भंगार वितळवून केलेल्या सळईत हे दोन्ही चोर राहू शकतात. भारतीय मानकाने २००८ साली ५०० प्रतीच्या सळईत फॉस्फरस आणि गंधक प्रत्येकी ०.०५५ टक्के, तर ५०० डी प्रतीत ०.०४० टक्के अशी कमाल मर्यादा घातली. आयएसआय छाप सळईवर पाहून घ्या. गवंडी सळई वाकवतो तेव्हा जवळ उभे राहा. वाकाच्या बाहेरच्या अंगाला तडा दिसला, तर कारण काहीही असो, ती सळई स्लॅबमध्ये घालू देऊ नका. आणि दुकानदाराकडे कारखान्याचा तपासणी दाखला मागा. त्यात 'पी' आणि 'एस' अशी दोन अक्षरे असतात, त्यांच्यापुढचे आकडे पोराकडून वाचून घ्या.