रक्ताची नळी बांबोळीला जाऊ द्या

पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या एखाद्या बाईच्या स्तनात गाठ निघाली की घरात आधी ऑपरेशनची चिंता, मग पैशांची. नात्यात आणखी कुणाला कर्करोग झाला होता का, हा प्रश्न मागेच राहतो. कुणी विचारलाच, तर माहेरच्या आत्या-काकांचा विचार क्वचितच होतो. खरे तर सदोष जनुक वडिलांकडूनही तितकेच येते, आणि काही रुग्णांचे औषध आता त्यावरच ठरते.

टीपी५३, आरबी, बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुके पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालतात. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत टीपी५३ बिघडलेले सापडते. पण तुटलेला लगाम जोडणारे औषध बनवणे फार कठीण. अतिउत्साही प्रथिनाला अडवता येते. इथे कामाचे प्रथिनच निकामी झालेले असते. चीनने २००३ मध्ये निरोगी पी५३ जनुक गाठीत सोडण्याच्या उपचाराला मान्यता दिली, मात्र जगभर तो रुळला नाही.

वाट सापडली ती बीआरसीएच्या बाबतीत, आणि तीही उलट्या दिशेने. हे जनुक बिघडलेल्या पेशीला डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या तर नीट सांधता येत नाहीत. तिची भिस्त पार्प या दुसऱ्या दुरुस्ती-प्रथिनावर असते. ते अडवले की गाठीतली पेशी मरते, निरोगी पेशी तगून राहते. २००५ मध्ये प्रयोगशाळेत दिसलेल्या या गोष्टीतून ओलापॅरिब आले. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये परवानगी मिळाली. रोग उलटण्याचा धोका जास्त असलेल्या, बीआरसीए-दोष असलेल्या स्तनकर्करोग रुग्णांना वर्षभर या गोळ्या दिल्या, तेव्हा तीन वर्षांनी १०० पैकी ८६ जणांत रोग उलटला नव्हता. गोळ्या न मिळालेल्यांत ७७. ऑलिम्पिया चाचणीचे हे निष्कर्ष २०२१ चे.

त्याच वर्षी गोव्यात ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ मोहीम सुरू झाली आणि स्तनतपासणी गावोगावच्या आरोग्य केंद्रांत पोहोचली. हे मोठेच काम. आता पुढचे पाऊल जनुक तपासणीचे हवे.

त्यासाठी केमोने थकलेल्या बाईला पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी अशा बस बदलायला लावायची गरज नाही. तुये किंवा डिचोलीत रक्त घ्यावे, नळी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) जावी. तिथून पुढे कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायची ते गोमेकॉने पाहावे.

रक्ताइतकेच मोल कागदावरच्या वंशवृक्षाचे. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन, आजारी माणूस काळा केलेला. तो काढताना कोकणी-मराठीत निवांत बोलणारी समुपदेशक समोर हवी, कारण ‘घराण्यात खोट’ म्हणून मुलीचे लग्न अडेल ही भीती खरी आहे. अहवाल गुप्त राहण्याची हमी लेखी हवी.

राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत या तपासणीचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि रुग्णाच्या महाराष्ट्रात दोडामार्गला दिलेल्या बहिणीलाही ती मिळावी. घरातला दोष एकदा सापडला की बाकीच्यांची फक्त तीच जागा तपासायची असते, आणि तो खर्च पहिल्या तपासणीपेक्षा बराच कमी येतो.